मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याला ओल आली आहे, मदत हवी आहे

राम राम मंडळी.

साक्री तालुक्यात पांझरेला मिळणाऱ्या एका नाल्यावर आमच्या शेतात मातीचा बंधारा आहे. वडील आणि काकांनी स्वखर्चाने बांधलेला, १९९० च्या आसपासचा. उंची साधारण १६ फूट, लांबी ३०० फुटांच्या आत-बाहेर. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. ते आता जागोजाग खचलंय. खालून पाणी सोडायची सोय काही नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, उजव्या टोकाला मुरमात कोरलेला.

यंदा श्रावणात तलाव तुडुंब भरला. तेव्हापासून खालच्या अंगाला, पायथ्यापासून हातभर वर, बैलगाडीच्या चाकाएवढा पट्टा ओला दिसतो. पाय दाबला की टाच रुतते आणि त्या खळग्यात पाणी जमतं. खालून बारीक धार चालू आहे, सध्या तरी नितळ. उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडल्या होत्या, त्यातली एक बांधाला आरपार छेदणारी. शिवाय खालच्या उतारावर वेडी बाभूळ माजली आहे, घुशींची बिळंही दिसतात.

चुलतभावाचं म्हणणं वेगळंच. सांडव्यावर मातीची पोती रचू, दोन फूट पाणी वाढेल, रब्बीच्या कांद्याला एक पाणी जास्त मिळेल. बांधाच्या खाली दोन सालदारांची घरं आहेत, म्हणून माझं मन धजत नाही. ओल धोक्याची आहे का? आत्ता काय करावं आणि उन्हाळ्यात काय?

निवृत्त_शाखा_अभियंता :
मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याला घाबरू नका. पण ओल पायथ्याच्या वर, उतारावर आली आहे हे मला आवडलेलं नाही. धारेखाली छोटा चर काढून पाईपचा तुकडा लावा. रोज सकाळी एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा, शेजारी तलावाची पातळी लिहा. तेच पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाला गाळ बसला तर बांध आतून पोखरला जातोय असं धरा. पातळी तेवढीच असताना धार वाढली तरीही तेच.

असं झालं तर कुणीतरी धावत येऊन म्हणेल, सिमेंट मारा, चिकणमाती दाबा. अजिबात नको. तोंड बंद केलं की पाण्याचा दाब आतच अडकतो आणि ते दुसरीकडून फुटतं. त्या जागेवर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, वर मोठे दगड असे थर द्यायचे. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती अडवायची. एक ट्रॉली वाळू आणि एक ट्रॉली खडी आजच बांधाखाली आणून टाका. पावसात रात्री ट्रॅक्टर तिथवर जाणार नाही. गढूळ पाणी दिसलं तर सालदारांना त्याच क्षणी घराबाहेर काढा, खडी नंतर.

तापीकाठचा :
भाऊ, पोत्यांचं तेवढं मनातून काढून टाका. आमच्या आबांच्या शब्दांत, पानी कोनंच ऐकत नही.

निवृत्त_शाखा_अभियंता :
आबांच्या बोलण्याला हिशोब जोडतो. सांडव्याच्या तळापासून माथा ४ फूट वर आहे असं धरू. २ फूट पोती लावली तर पुरासाठी उंची निम्मी उरते, पण सांडव्यातून निघू शकणारं पाणी निम्मं नाही, जवळपास एक तृतीयांश होतं. उरलेलं माथ्यावरून जाईल, आणि माती त्याला टिकत नाही. त्यात जुना बांध मधे बसलेला असतो. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन माथ्याची पातळी दोन्ही टोकांना आणि मधोमध तपासा, म्हणजे खरी उंची कळेल. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरवरच्या धरणांसाठी आहे (१० ते १५ मीटरची काही अटींवर). तुमचा बंधारा त्यात बसत नाही; तपासणीला कुणी येणार नाही, पाहायचं तुम्हालाच.

चोपड्याचा_शेतकरी :
भेगांबद्दल सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटतेच. लांबीच्या दिशेने जाणारी भेग एकवेळ चालेल, आरपार गेलेली वाईट. वरून माती लोटून बुजवू नका, ती पोकळ राहते. मे महिन्यात भेगेत चुन्याची निवळी नाही, चांगलं दाट पांढरं पाणी ओता. मग खणत जा, पांढरी रेघ संपेल त्याच्याही खाली फूटभर. तीच काळी माती ओलवून वीतभर थराने भरा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. मातीचा गोळा हातात वळला पाहिजे पण हाताला चिकटता कामा नये. सगळं झालं की माथ्यावर मुरमाचा थर द्या, काळी माती उघडी ठेवली की पुन्हा फाटते. बिळंही तशीच, खणून थराने भरायची. रत्नागिरीतलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं म्हणून लोक हसले होते, पण छोट्या बांधाला घूस नि खेकडे खरोखर भारी पडतात.

धागाकर्ता :
दादा, आबा, सगळ्यांचे आभार. पाईप लावला, बाटलीत गाळ नाही. माथा मधे सांडव्यापासून जेमतेम ३ फूट भरला, ते पाहून चुलतभाऊ गप्प झाला. दोन गोष्टी राहिल्या. बाभळी जेसीबीने उपटू का? आणि पाणी थोडं उतरवायचं तर कसं?

निवृत्त_शाखा_अभियंता :
तलाव भरलेला असताना मूळ उपटायचं नाही. आत्ता बुंध्याशी कापा. मुळं उन्हाळ्यात खणून काढा आणि खड्डा थराने ठोकून भरा. कापून तशीच सोडली तर मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते.

पाण्यासाठी बांध खोदू नका, सायफन लावा. जाड पाईप माथ्यावरून टाका, दोन्ही टोकांना कॉक, माथ्यावर पाईपला बसवलेल्या टी-जोडातून पाणी भरून झाकण घट्ट लावा, मग कॉक उघडा. खालचं तोंड पायथ्यापासून लांब, नाल्यात दगडांवर सोडा. पाणी दिवसाला फूटभराच्या आतच उतरवा. एकदम रिकामा केलात तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. तीन-चार फूट उतरलं की ओल कमी होते का ते पाहून इथेच आकडे टाका.