मदत हवी आहे: आईला शेवटी घरीच ठेवायचंय, भावाला कसं तयार करू?

आई ७८ वर्षांची. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलाय, केमो थांबवली आहे. "मला आयसीयूत नेऊ नका" हे तिने आम्हा भावंडांसमोर सांगितलंय. सुप्रीम कोर्टाच्या २०२३च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर लिव्हिंग विलही (शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत, याची लेखी इच्छा) केलंय. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत, पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणं-त्रास कमी ठेवणाऱ्या शुश्रूषेच्या) सिस्टर येतात. मृत्यूच्या दाखल्यासाठी ४अ फॉर्म भरून द्यायला फॅमिली डॉक्टर तयार आहेत.

अडचण धाकट्या भावाची आहे. बाबा व्हेंटिलेटरवर असतानाच वारले. त्याला वाटतं, तेव्हा आपण सगळं केलं. मला मात्र त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालता आला नाही, हे अजून बोचतं. आता आईचं जेवण सुटलंय तर तो म्हणतो, "तुम्ही तिला उपाशी मारताय." शेवटी घशात घरघर होते, हे डॉक्टरांनी मला समजावलंय, तो ऐकूनच घेत नाही. ऐन वेळी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावेल, ही भीती आहे. तो पुण्यात, आम्ही साताऱ्यात. येतो फक्त शनिवार-रविवारी.

कृपया उपचार सुचवू नका. ज्यांच्या घरी असा मृत्यू झालाय त्यांनी सांगा: घरातल्या विरोध करणाऱ्या माणसाला कोणी, काय आधी सांगितलं की नंतर त्याच्या मनात "आपण कमी पडलो" असं राहिलं नाही?