स्किड प्लेट घ्यायच्या आहेत: पोलाद, ॲल्युमिनियम की प्लास्टिक? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडीच्या पोटाखाली स्किड प्लेट (खालचे भाग दगडांपासून वाचवणाऱ्या जाड प्लेट) बसवायच्या आहेत. ऑर्डर देण्याआधी इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

गाडी डिझेल, फोर बाय फोर, लॅडर फ्रेमची. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सॉलिड ॲक्सल. कंपनीकडून मिळालेलं संरक्षण म्हणजे बंपरखालचा एक पातळ पत्रा. चिखल आणि खडी तो अडवतो, पण गाडीचं वजन दगडावर आलं तर तो वाकून थेट ऑइल चेंबरला (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) टेकेल. माझ्या गाडीचं चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून काळजी जास्त. पत्र्याचं चेंबर बऱ्याचदा नुसतं चेपतं, ओतीव चेंबरला तडा जातो. एकदा ऑइल गळून दाब गेला की इंजिनाचे बेअरिंग धरायला फार वेळ लागत नाही. आम्ही जातो त्या वाटांवर घरची माणसं बरोबर असतात आणि मदत लांब असते, त्यामुळे हा खर्च मला हौसेचा वाटत नाही.

वाटा म्हणजे मुख्यतः दगडगोट्यांचे चढ, नद्यांची पात्रं आणि खोल चाकोऱ्या पडलेला चिखल. मोठ्या शिळांवर मुद्दाम गाडी चढवत नाही.

आतापर्यंतचा माझा हिशोब असा. ४ मिमी पोलादाचा पत्रा एका चौरस मीटरला साधारण ३१ किलो भरतो, ६ मिमी ॲल्युमिनियम साधारण १६ किलो. रेडिएटरपासून ट्रान्सफर केसपर्यंत (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) झाकायचं तर दीड चौरस मीटर तरी लागेल, म्हणजे ४७ किलो विरुद्ध २४ किलो. यातलं बरंचसं वजन पुढच्या स्प्रिंगांवर येणार. पण ॲल्युमिनियम मऊ. दगडाची धार त्यात रुतते, चर पडतो आणि गाडी घसरून पुढे जाण्याऐवजी तिथेच अडते. पोलाद दगडावरून घसरतं. तिसरा पर्याय जाड पॉलिइथिलीनचा. तो सगळ्यांत गुळगुळीत आणि हलका, गंजाचा प्रश्नच नाही. पण हे प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि माझ्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू असताना त्याच्या आत ६०० अंशांपर्यंत तापमान जातं. म्हणून ते मी जवळजवळ बाद केलं आहे.

तर प्रश्न दोन. माझ्या वापराला पोलाद घ्यावं की ॲल्युमिनियम? आणि पुढून मागेपर्यंत पूर्ण संच घ्यावा की फक्त चेंबर आणि ट्रान्सफर केस झाकलं तरी चालेल?

प्रतिसाद १

धातू नंतर ठरवा, आधी प्लेट कशाला बांधली जाणार ते बघा. चांगली प्लेट चॅसिसच्या दोन्ही बाजूंना आणि क्रॉस मेंबरला (चॅसिसच्या आडव्या पट्टीला) बांधलेली असते. काही स्वस्त प्लेटचा एखादा बोल्ट गिअरबॉक्सच्या अंगाला लावतात, त्या अजिबात घेऊ नका. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलतात, चॅसिस तसं हलत नाही. दगडाचा धक्का त्या बोल्टातून थेट गिअरबॉक्सच्या ओतीव कवचात जातो, म्हणजे जे वाचवायचं तेच फुटतं.

दुसरं, प्लेट आणि चेंबर यांच्यात मोकळी जागा हवी. कितीही जाड प्लेट घेतली तरी वजन आल्यावर ती थोडी वाकतेच. दोन बोटंही अंतर नसेल तर माझा त्या प्लेटवर विश्वास बसणार नाही. सपाट पत्र्यापेक्षा कडा दुमडलेला, मधे घड्या घातलेला पत्रा त्याच जाडीत खूप ताठ असतो. म्हणून नुसते मिमी विचारून तुलना करू नका, फोटोत घड्या बघा.

तिसरं, प्लेटा एकमेकींवर कौलं रचतात तशा चढलेल्या हव्यात. पुढच्या प्लेटची मागची कड ही मागच्या प्लेटच्या खाली यायला हवी, म्हणजे पुढे जाताना दगडाला कुठेही ओठ सापडत नाही. मात्र अडकल्यावर आपण गाडी रिव्हर्सच घेतो, आणि तेव्हा तीच कड दगडात अडकते. त्यामुळे मागची कड वर वळवलेली आहे का, हे विकणाऱ्याला नक्की विचारा.

बोल्टांची डोकी खोलगट वाटीत बसलेली असावीत. उघडी डोकी दगडावर घासून गुळगुळीत होतात आणि मग पाना लागत नाही, छिन्नी लावावी लागते.

प्रतिसाद २

ऑइल सोडायचं भोक आणि फिल्टर यांच्या खाली खिडकी आहे ना, ते बघा. नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला अख्खी प्लेट उतरवावी लागते, आणि गॅरेजवाले परत बसवताना दोन-चार बोल्ट ढिले ठेवतात.

आणि एक कळकळीची विनंती. वाळलेल्या गवतातून गाडी काढलीत तर थांबून प्लेटच्या वर हात घालून गवत काढा. सायलेन्सरच्या नळीजवळ ते साठलं तर पेटतं. चिखलही वरच्या बाजूने साठतो आणि ओलावा धरून ठेवतो, तेव्हा धुताना पाण्याचा फवारा प्लेटच्या वरूनही मारा.

प्रतिसाद ३

पूर्ण संचाची घाई नको. तुमच्या वाटा बघता मी चेंबर आणि पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) झाकणारी प्लेट पोलादी घेईन, कारण पहिला दणका तिथेच बसतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली ॲल्युमिनियम. इंधनाची टाकी मात्र विसरू नका. उतार संपून पुढची चाकं वर चढू लागली की मागचा भाग खाली टेकतो, आणि टाकी प्लास्टिकची असली तर तिला धारदार दगड पुरतो. मागचं डिफरन्शियल ॲक्सलबरोबर वरखाली होतं, त्याला चॅसिसवरची प्लेट वाचवत नाही. त्याच्या कव्हरला वेगळा गार्ड मिळतो.

खोल चाकोऱ्या असतील तर दारांखालच्या पट्टीसाठी रॉक स्लायडर (बाजूने लावायचे मजबूत दांडे) हवेत. स्किड प्लेटचं ते काम नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पुढे पोलाद आणि मधे ॲल्युमिनियम हा पर्याय पटला. टाकी काल खालून बघितली, प्लास्टिकचीच आहे आणि चॅसिसच्या पातळीच्या खाली आलेली आहे, त्यामुळे तिची प्लेट पहिल्या ऑर्डरमध्येच घेतो. रिव्हर्सच्या कडेबद्दल विकणाऱ्याला लिहिलं आहे.

आता एकच अडलं आहे. मधली प्लेट ॲल्युमिनियमची, बोल्ट पोलादी आणि वाट ओली. अशा जोडीत बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम गंजून झिजायला लागतं. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणि खाली नायलॉनचे वॉशर एवढं पुरेल का? की नायलॉन दाबाने बसून बोल्ट ढिले पडतील? कोणी ही जोडी दोन-तीन पावसाळे वापरली असेल तर बोल्ट काढताना काय दिसलं ते कृपया लिहा.