यू-रॉयच्या १९७० च्या रेकॉर्डिंगबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जमैकन संगीत ऐकणारं कुणी आहे का इथे? सध्या यू-रॉयने (जमैकाचा डीजे, म्हणजे तिथे तालावर बोलणारा कलाकार) पछाडलंय. निर्माता ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल या रेकॉर्ड लेबलसाठी १९७० मध्ये केलेली त्याची गाणी पुन्हा पुन्हा ऐकतोय. जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीची जमैकन शैली) गाण्यांचे ताल तसेच ठेवून त्यावर तो बोलतो, आरोळ्या देतो. ‘वेअर यू टू द बॉल’मध्ये तर पॅरागॉन्स या गायकगटाचा मूळ आवाज मध्येच येतो आणि हा त्याला उत्तर देतो. काय टायमिंग आहे! ‘वेक द टाउन’खाली ऑल्टन एलिसच्या ‘गर्ल आय हॅव गॉट अ डेट’चा ताल आहे, हे कळल्यापासून मूळ गाणी शोधायचा नादच लागलाय.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मूळ गाणं आणि यू-रॉयचं व्हर्जन लागोपाठ देणारं एखादं चांगलं संकलन आहे का? सीडी, एलपी, काहीही चालेल. दुसरं, त्याच्या स्टर-गाव्ह साउंड सिस्टिमच्या (मोठे स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणारा संच) ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट. जोझी वेल्स आणि चार्ली चॅप्लिन (तिथलाच डीजे, सिनेमातला नव्हे) दोघेही असलेली, शब्द नीट कळतील इतपत स्वच्छ रेकॉर्डिंग कुणी ऐकली असल्यास कृपया सांगा. यू-रॉयचा ‘ड्रेड इन अ बॅबिलॉन’ हा अल्बम माझ्याकडे आहे.