मदत हवी आहे : आजोबांच्या ३१५ रायफलची नळी बदलावी का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. आजोबांची ईशापूरची ३१५ बोअर रायफल रीतसर माझ्या लायसन्सवर आली आहे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "वापरणार कुठे" हे कृपया विचारू नका. रेंजवर कागदावरच नेम धरायचाय.

अडचण अशी की शंभर मीटरवर गोळ्या ताटभर पसरतात. स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत, साइट हलत नाही. नळीत उजेड धरला तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचं रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, गुळगुळीत झालेलं दिसतं, आणि तोंडाची कड एका बाजूला घासलीय (साफसफाईचा गज वर्षानुवर्षं तिथूनच घातलेला).

एक ओळखीचे म्हणतात, सरळ नवी नळी बसव. पण मग चेंबर नव्याने कापणं आलं, हेडस्पेस (बोल्टपासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) गेजने तपासणं आलं. दुसरे म्हणतात, आधी नुसतं तोंड नीट कापून घे. मला हेच पटतंय. खर्च कमी, मूळ नळीही राहते. पण झिजलेल्या रायफलिंगवर त्याचा कितपत उपयोग?

ठाणे-मुंबईत असं काम करणारा परवानाधारक गनस्मिथ कुणाला माहीत आहे का? नळी बदलायची तर लायसन्स शाखेत आधी काय काय द्यावं लागतं? लेथवर गुपचूप करून देणारे सुचवू नका.