करून काय होणार, असं कधी मनापासून वाटलंय का? अनुभव लिहा

काल कांदाचाळ झाडताना बापूंची २०२३ची वही सापडली. रोप, लागवडीची मजुरी, फवारणी, पै न् पै लिहिलेली आणि ८ डिसेंबरला नुसतं "निर्यात बंद". पुढची पानं कोरी. लासलगावला भाव धाडकन पडले, लिलाव बंद पडले, आमचा लाल कांदा काढून रानात पडलेला आणि लाल कांदा चाळीत टिकतही नाही. बापू ओट्यावर बसून म्हणाले, "पोरी, माणसानं राबूच नये, ठरतं सगळं भलतीकडंच." तेव्हा मला रागच आलेला, काल मात्र वही धरून रडले. तुम्हाला असं झालंय का कधी?

*

ताई सेम. मार्च २०२१, राज्यसेवा पूर्व १४ला होती, ११ला सांगितलं पुढे ढकलली, पुण्यात पोरं रस्त्यावर आलेली त्यात मीपण होतो. २१ला झाली परीक्षा पण अभ्यासावरनं मन उडालं ते उडालंच. त्या रात्री मेसच्या काकूंनी पैसे न घेता वाढलं होतं, ते ताट अजून आठवतं

*

आम्ही किल्लारीकडचे. आजोबांनी एकेक दगड आणून बारा वर्षांत माळवदाचं घर उभं केलं. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बोळवलेले, आणि पहाटे सगळा ढिगारा, आजी त्यातच गेली. नवीन घर मिळालं तरी आजोबा वर्षभर अंगणात झोपले, म्हणायचे बांधून काय करायचं. जुन्या दाराची कडी मात्र कायम उशाशी.

*

बाप रे. काटा आला अंगावर. आजोबांना नमस्कार 🙏

*

आमच्या सासूबाई कायम म्हणायच्या, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आणि स्वतः पहाटे चारला उठून पाणी भरायच्या. फार आठवण आली त्यांची, कुकर लावलाय, नंतर लिहिते

*

ताई निफाड तालुका का? माझं माहेर विंचूर. उन्हाळ लावलाय का यंदा? आमच्याकडं निम्मं रोप सडलं

*

हो गं, विंचूरपासून जवळच. बंदी उठली ४ मे २०२४ला, तोवर आमच्याकडं विकायला काय राहिलेलं. तरी यंदा लावतायत बापू. म्हटलं कशाला, तर म्हणे रान मोकळं बघवत नाही. रोप सडलं तर सांग, आमच्याकडं दोन वाफे जास्तीचे आहेत. लाईट आलीय, मोटर चालू करायला हाक मारतायत, जाते