मालवणजवळच्या कालावल खाडीत हवेच्या होडीतून गरवायचं (गरीने मासे धरायचे) आहे, सुरुवात कशी करू?

मसुऱ्याचा भाचा
नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, आजोळ मसुऱ्याला. दिवाळीत दोन माणसांची हवेची रबरी होडी घेतली. लहानपणी मामाबरोबर बंधाऱ्यावर बसून गरी-दोऱ्याने काळुंदरं (खाडीतले मासे) काढली आहेत, पण होडीतून कधी गरवलं नाही. पोहता येतं. कोणत्या वेळी उतरू, सोबत काय नेऊ? तळाशीलला ही गड नदीची खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत वल्हवत जाता येईल का?

खाडीकाठी
भाच्या, खाडीच्या मुखाकडे अजिबात जायचं नाही. आधी हे ऐक, बाकी सगळं नंतर.

माझं घर तळाशीलला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. तरी मी चुकलो. मार्गशीर्षातली वद्य तृतीया होती. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाण ओसरलं नव्हतं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ अंदाजे कळते. तृतीयेला सव्वादोन. म्हणजे उजाडताना पाणी जोरात सुकतीला (ओहोटीला) लागलेलं, वर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा. दोन्ही एकाच दिशेने ओढणारे. मी नांगर टाकला आणि दोर होडीच्या कडेच्या कडीला बांधला. होडी आडवी झाली, कड दबली आणि पाणी आत यायला लागलं. गाठ ओली होऊन आवळलेली, सुटेना. सुरीने दोर कापला तेव्हा होडी सरळ झाली, पण मुखाकडे वाहायला लागली. ही होडी पाण्यात बसतच नाही, वरच्या वर तरंगते. वारा तिला पत्रावळीसारखी नेतो. कांडाळ (जाळं) ओढणाऱ्या एका होडीवाल्याने दोर फेकला म्हणून मी हे लिहितोय.

म्हणून तू दशमी किंवा एकादशी धर. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. दशमीला भरती साडेसातच्या सुमारास, मसुऱ्यापर्यंत आत पोचायला तिला आणखी थोडा वेळ लागतो. उजाडताच उतर. दमलास तरी पाणी तुला आतल्या बाजूलाच नेईल, तिथे काठ आहे, माणसं आहेत. पाणी फिरायच्या आत काठावर ये.

नांगराचा दोर नेहमी पुढच्या टोकाला, ओढली की सुटेल अशा गाठीने. दोर खोलीच्या तिप्पट तरी हवाच. वाळू काढलेल्या जागी तळ अचानक खाली जातो, तेव्हा जास्तच ठेव. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. पोहता येतं म्हणून सोडू नकोस.

सुंगटवाला
खाडीकाठी काकांनी पाण्याचं सांगितलं, मी होडीचं सांगतो. कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांना आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड पात्यासारखी. तांबोशी मासळी नेमकी त्या मुळांतच असते, पण होडी दोन हात लांब ठेवून गरी तिकडे टाक. आमिषाला जिवंत सुंगटं (कोळंबी) घे, शेपटीजवळ टोच म्हणजे ती हलत राहतात.

हवा सकाळी ठासून भरू नकोस. पाण्यात गेल्यावर होडी नरम वाटली, तरच थोडी भर. गरवून आलास की उन्हात फुगलेली तशीच ठेवू नकोस, शिवण सुटते.

आणि शेंगाळा मासा गरीला लागला तर घाई करू नको. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे. हाताला लागला तर दिवसभर ठणका, होडीला लागला तर भोक. तळाशी ओलं गोणपाट अंथर, मासा त्यातच धर. गऱ्यांच्या टोकांना बुचं लाव.

कोणाचं जाळं लावलेलं दिसलं तर त्याच्या बाहेरून वळसा घाल. त्यावर कुणाचं तरी घर चालतं.

मसुऱ्याचा भाचा
काका, दादा, दोघांचे आभार. दशमीला रजा टाकून आलो. उजाडताना उतरलो, साडेआठला वर. पहिल्या तासात एकच शेंगाळा, गोणपाटात धरून सोडला. मग पाणी थबकायच्या जरा आधी कांदळाजवळ दोरा असा ओढला गेला की बोटावर वळ उठला. दीड वितीची तांबोशी! मामीने दुपारी तळली. मामा म्हणतो, पुढच्या एकादशीला मीपण येतो. त्याच्या मापाचं जॅकेट मालवणात मिळेल का?