मदत हवी आहे: क्वेरी स्ट्रिंग पार्स करून मॅप द्यावा का जोड्यांची लिस्ट?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या ओपन सोर्स प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत क्वेरी स्ट्रिंग (यूआरएलमधला प्रश्नचिन्हापुढचा नाव=व्हॅल्यू असा भाग) पार्स करायची, म्हणजे तोडून सुटी करायची सोय घालतोय. आमचं यूआरएल मॉड्यूल स्कीम, होस्ट, पोर्ट, पाथ सगळं सुटं करून देतं, पण प्रश्नचिन्हापुढचं सगळं एकच कच्ची स्ट्रिंग म्हणून हातात ठेवतं. मग जो तो आपापला & वर स्प्लिट मारतो. त्यातही बरेच जण आधी डिकोड करतात (%२६ सारख्या कोडचं मूळ चिन्ह करतात) आणि मग तोडतात. रंग=लाल%२६निळा आलं की %२६ चा & होतो, रंग नुसता 'लाल' उरतो आणि 'निळा' नावाचा भलताच पॅरामीटर उगवतो. आधी तोडा, मग डिकोड करा, एवढं तरी लायब्ररीने एकदाच नीट करावं हा हेतू.

अडलंय ते रिटर्न टाइपवर. साधा मॅप (एका नावाला एक व्हॅल्यू) वापरायला सोपा, पण रंग=लाल&रंग=निळा हे पूर्ण वैध आहे, मग एक रंग गायब. गो भाषा आणि पायथनचं पार्स_क्यूएस फंक्शन प्रत्येक नावाला लिस्ट देतात. त्यात वेगवेगळ्या नावांचा आपसातला क्रम कळत नाही. गो तर परत एन्कोड करताना नावं सॉर्टच करतं. मूळ स्ट्रिंगवर डिजिटल सही केलेली असेल तर ती तिथेच फेल. माझा कल जोड्यांच्या लिस्टकडे आहे, पण सोबतचे मेंटेनर म्हणतात, एक व्हॅल्यू काढायला लूप कोण लिहिणार?

दुसरं म्हणजे अधिक चिन्ह. २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये (यूआरएलच्या रचनेचं मानक) + म्हणजे स्पेस असं कुठेही नाही, नाव-व्हॅल्यूची रचनाही तो ठरवून देत नाही. ते सगळं एचटीएमएल फॉर्मच्या एन्कोडिंगमधून आलंय. मग हे यूआरएल मॉड्यूलमध्ये घालावं का?

(अर्धविरामाने तोडणं मी घेतलेलं नाही. २०२१ मध्ये पायथन आणि गो दोघांनीही ते सोडलं. मधला प्रॉक्सी सर्व्हर एका तऱ्हेने तोडतो, मूळ सर्व्हर दुसऱ्या, आणि कॅशमध्ये विष कालवायला वाट मिळते.)

प्रतिसाद १
लिस्टच ठेवा, वर दोन फंक्शन द्या: 'पहिली' आणि 'सगळ्या'. नुसतं 'मिळव' असं नाव नको. पीएचपी तेच नाव पुन्हा आलं की शेवटची व्हॅल्यू धरतं, ब्राउझरचं यूआरएलसर्चपॅराम्स 'गेट'ने मागितलं की पहिली देतं. तपासणारा एक वाचतो आणि वापरणारा दुसरी, असले घोळ यातूनच होतात. आणि 'शोध=' सारखी रिकाम्या व्हॅल्यूची जोडी टाकून देऊ नका. पायथन डीफॉल्टला टाकतं, ते मला कधीच पटलेलं नाही.

प्रतिसाद २
+ साठी वेगळं फंक्शन करा, नावातच 'फॉर्म' येऊ द्या. जोड्यांच्या संख्येवर मर्यादाही घाला. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) क्वेरीस्ट्रिंग मॉड्यूलमध्ये डीफॉल्ट १००० आहे. सूट=५०% सारखं, % पुढे कोडच नसलेलं तुटकं एन्कोडिंग आलं तर काय करणार?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. लिस्ट आणि वर दोन फंक्शन, हे मेंटेनरनाही पटेल. + वेगळ्या फंक्शनमध्ये हलवतो, मर्यादा पॅरामीटर म्हणून घेतो. ५०% चं मात्र ठरत नाहीये. वॉटडब्ल्यूजीचं (वेबची मानकं ठरवणारा गट) स्टँडर्ड ते % तसंच राहू देतं, गोचं पार्सक्वेरी एरर देतं. आमच्या भाषेत चूक गिळायची पद्धत नाही, म्हणून एररच द्यावी म्हणतोय. पण एका जोडीसाठी सगळी क्वेरी फेकायची, का बाकीच्या जोड्या एररसोबत परत द्यायच्या? कुणी प्रत्यक्ष वापरात काय बरं पडतं ते सांगेल का?